स्वस्त गाडी आणि माणसाची किंमत

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे चारचाकी. घर घेताना आपण कागदपत्रे वकिलाला दाखवतो, बांधकाम कोणाचे आहे हे विचारतो, पाणी किती वेळ येते याची चौकशी करतो. तीच चोखंदळ मंडळी शोरूममध्ये गेली की ठराविक तीन प्रश्नांवर येऊन थांबतात. अ‍ॅव्हरेज किती देते, हप्ता किती बसेल आणि पांढरा रंग लगेच मिळेल का? समोरासमोर धडक झाली तर या गाडीत बसलेल्या माणसांचे काय होईल, हा चौथा प्रश्न विचारणारे कुटुंब विरळा. पेढ्यांचा पुडा हातात असताना असले अभद्र कशाला बोलायचे, अशी आपली समजूत आहे. तिच्यामुळे गाडी विकणाऱ्यांचे मात्र पुष्कळ काळ फावले.

छोट्या गाडीचा आपल्याकडचा इतिहास म्हणजे या देशाच्या आत्मविश्वासाचाही इतिहास आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी अशा वर्गाला प्रथमच आवाक्यातली गाडी मिळाली. परंतु तिचा आराखडा जपानचा होता. संपूर्ण गाडी भारतीयांनी आखायची आणि घडवायची, हे धाडस पुण्याच्या टेल्कोने केले. (२००३ साली कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले तरी पिंपरीकरांच्या तोंडी ती टेल्कोच राहिली.) ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीचा बंद पडलेला कारखाना उकलून जहाजातून पुण्याला आणण्यात आला, आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आली. देहरचनेसाठी इटलीतील संस्थेचे साहाय्य घेतले होते, हे खरे. पण संकल्प, जोखीम आणि अभियंत्यांचे परिश्रम आपले होते. सुरुवातीच्या गाड्यांविषयी तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने कान बंद करून घेतले नाहीत. २००१ मध्ये सुधारित ‘व्ही-टू’ आली आणि पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील प्रवासी टॅक्सी म्हणजे इंडिका असे समीकरण झाले. स्वदेशी वस्तू केवळ स्वदेशी म्हणून टिकत नाही. दोष दिसल्यावर तो दूर करण्याची तयारी असेल तरच ती टिकते, याचे हे उत्तम उदाहरण.

नॅनोची कथा अधिक चटका लावणारी. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात या गाडीची कल्पना आली, हे सर्वश्रुत आहे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने पुण्यात तिच्यावर काम केले आणि १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. सिंगूरच्या आंदोलनामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रकल्प पश्चिम बंगालमधून हलवावा लागला. तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदी यांनी साणंदची जागा देऊ केली. मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडीचे रीतसर अनावरण झाले आणि मूळ प्रकाराची कारखान्यातील किंमत एक लाख ठेवून टाटांनी दिलेला शब्द पाळला.

आणि तरीही २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ‘जगातील सर्वांत स्वस्त’ हे बिरुद तिच्या मुळावर आले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. त्यात तथ्य आहेच. आपल्या समाजात गाडी ही प्रवासाइतकीच प्रतिष्ठेची वस्तू. गरिबांची गाडी म्हणून जाहिरात झालेली वस्तू दारात उभी करायला गरीबही धजत नाही. पण तेवढ्यावर थांबणे सोयीचे ठरेल. सुरुवातीच्या काळात काही गाड्यांनी पेट घेतला, त्याची चर्चा घरोघरी झाली. सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडत नसे, पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची. किंमत उतरवताना कोठे थांबायचे, हा प्रश्न प्रत्येक स्वस्त वस्तूच्या निर्मात्यापुढे असतो. त्याचे कठोर उत्तर २०१४ च्या जानेवारीत मिळाले.

त्या महिन्यात ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे! यातील तीन कंपन्या परदेशी, एक जपानी मालकीची आणि एक आपली. पोलोचा प्रकार तर विशेष बोलका. हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवून तीच गाडी पुन्हा तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले. याचा अर्थ ज्ञान होते, तंत्र होते, कारखानाही तोच होता. केवळ भारतीय ग्राहकाला ते दिले नव्हते. युरोपातील माणसाच्या जिवाचा एक दर आणि नाशिक-नागपूरच्या माणसाच्या जिवाचा दुसरा. स्वाभिमानी राष्ट्राच्या नागरिकाला हा भेद झोंबायला हवा. झोंबला मात्र फार थोड्यांना, कारण आपल्यालाच दोन पिशव्यांचे पैसे वाचवायचे होते.

परदेशी कंपन्यांवर आसूड ओढताना नॅनोच्या शून्याकडे डोळेझाक करता येणार नाही. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर मुळीच करू नये. आपल्या माणसाने केलेली दुबळी वस्तू आपल्याच माणसाचा जीव घेते.

सुदैवाने पुढचा अध्याय निराळा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनने याच परीक्षेत पाच तारे मिळवले; भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिली वेळ. २०२० च्या आरंभी टाटांची अल्ट्रोझ आणि महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० त्या पंक्तीत जाऊन बसल्या. टियागोला चार तारे मिळाले. ही टियागो साणंदच्या त्याच कारखान्यात तयार होते, जो नॅनोसाठी उभारला होता. भारतीय कंपन्यांनी सुरक्षितता हा विक्रीचा मुद्दा केल्यावर इतरांनाही हालचाल करावी लागली. २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरने पाच तारे मिळवले. २२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांनी आपल्या देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ पद्धती जाहीर केली आणि १ ऑक्टोबरपासून ती अमलात आली. ती ऐच्छिक ठेवली आहे, ही उणीव मात्र नोंदवली पाहिजे. जी गाडी परीक्षेला बसतच नाही, तिच्याबद्दल ग्राहकाने काय समजावे? सक्तीची पहिली गरज सर्वांत स्वस्त गाड्यांना आहे, कारण दुचाकीवरून उतरून प्रथमच चारचाकीत बसणारे कुटुंब त्याच घेते.

मारुतीच्या बाजूने जे बोलायचे तेही बोलले पाहिजे. तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर, कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळणारे सुटे भाग, पुनर्विक्रीला लगेच गिऱ्हाईक, हे गुण लहान नाहीत. गडचिरोलीतल्या शिक्षकाला पाच तारे दाखवून उपयोग नाही, जर क्लच प्लेटसाठी त्याला गाडी दोनशे किलोमीटर ओढून न्यावी लागणार असेल. परंतु २०२३ च्या चाचणीत वॅगन-आरला प्रौढांसाठी एक आणि अल्टो के-टेनला दोन तारे मिळाले होते, हेही त्याच शिक्षकाला ठाऊक असावे. २०२५ मध्ये कंपनीने या दोन्ही गाड्यांत सहा पिशव्या दिल्या, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि पिशव्यांची संख्या आणि सांगाड्याची ताकद या दोन भिन्न बाबी आहेत. नव्या रूपाची चाचणी झाली आहे का आणि कोणत्या प्रकाराची झाली, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. तो हसला तर हसू द्यावे.

आता पैशाकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला आणि किमती उतरल्या. चार मीटरच्या आतील लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, अशी त्या सवलतीची मर्यादा. पण उतरलेली किंमत पाहून एक पायरी वरची गाडी उचलण्याचा मोह अनेकांना होतो आणि तेथेच कर्जाचा फास आवळतो. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या आसपास. सात वर्षांचे घेतले तर हप्ता ८,०५० च्या घरात येतो, विक्रेता तोच आकडा मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. व्याज मात्र पावणेदोन लाख होते. पाचव्या वर्षी विमा कंपनी गाडीची किंमत निम्मी धरते. म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी आपण अर्ध्याहून कमी मोलाच्या वस्तूचे हप्ते फेडत राहतो. अंथरूण पाहून पाय पसरणारी जुनी पिढी व्याजाचे गणित तोंडी करीत असे.

अ‍ॅव्हरेजच्या आकड्याचीही गंमत आहे. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रुळांवर गाडी चालवून काढलेला असतो. कर्वे रस्त्यावरील संध्याकाळ तेथे नसते. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला लिटरमागे सोळाऐवजी अठरा किलोमीटर मिळाले, तर वर्षाला साधारण ५५ लिटर वाचतात. एवढ्या बचतीसाठी गाडीच्या बांध्याकडे दुर्लक्ष करणे हा शहाणा व्यवहार नव्हे.

ज्यांचे बजेट तीन लाखांच्या आत आहे, त्यांना जुनी गाडी हाच मार्ग, आणि त्यात कमीपणा काही नाही. काटकसरीने घेतलेली चार वर्षांची सुदृढ गाडी ही कर्जाने घेतलेल्या नव्या गाडीपेक्षा अनेकदा शहाणी खरेदी असते. मात्र येथे डोळे अधिक उघडे हवेत. प्रथम गाडीचे साल पाहावे. एप्रिल २०१९ पासून घसरण रोखणारी एबीएस ब्रेक यंत्रणा आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग २०२२ पासून सर्वत्र आली. दहा वर्षांपूर्वीची चकचकीत गाडी स्वस्त मिळते, त्याचे कारण अनेकदा या रिकाम्या जागांत असते. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी घडवलेल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. इथेनॉलमुळे आपल्या ऊस उत्पादकाला बाजार मिळतो आणि परकीय चलन वाचते, धोरण योग्यच आहे. पण जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज थोडे घटते आणि रबरी नळ्या, गॅस्केट लवकर बदलावी लागतात, हा खर्च हिशेबात धरलेला बरा.

दुसरे संकट पुराचे. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चे चिपळूण. प्रत्येक महापुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विक्रीला येतात. अत्तराचा दरवळ जास्त असेल तर समजावे की काही तरी झाकायचे आहे. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ लपत नाही. गालिचा उचलावा, आसनांच्या रुळांवरचा गंज बघावा, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नये; तो मागे फिरवणारे कारागीर गावोगाव आहेत. पायाखालच्या ब्रेक पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्या खरे बोलतात. दोनशे-चारशे रुपये देऊन आपला मेकॅनिक सोबत न्यावा, आणि इंजिन गार असताना गाडी सुरू करायला सांगावे.

कागदपत्रांत तर हयगय नकोच. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याखेरीज पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन दलालाच्या हाती सोपवले की काम झाले, असे विकणारा आणि घेणारा दोघेही मानतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. विमाही नव्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

गाडी नवी असो वा जुनी, ती कशी वापरली जाते यावर तिचे तारे कामाला येतात. ३ जून २०१४ ची सकाळ आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथराव मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि महाराष्ट्राने एक लोकनेता गमावला. गोपीनाथराव मागच्या आसनावर होते. मागचा पट्टा ही शोभेची वस्तू आहे या गैरसमजाने आपण आपला मित्र गमावला, अशी व्यथा तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी बोलून दाखवली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी महागडी, परदेशी, सर्व सोयींनी युक्त. तेही मागेच बसले होते, आणि त्यांनीही पट्टा लावलेला नव्हता.

आपल्या घरांत अजूनही तान्हे मूल आईच्या मांडीवर, तेही पुढच्या आसनावर बसते. मांडीवर ते सुरक्षित आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी क्षणात थांबली, तर दहा किलोचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही, बाहुबल कितीही असो. एअरबॅग उघडली तर पिशवीचा तडाखाही प्रथम त्यालाच बसतो. मागच्या आसनावर बालआसन जोडण्यासाठी आयसोफिक्सचे हूक अलीकडच्या बहुतेक गाड्यांत असतात, आणि एनकॅपच्या निकालात बालकांसाठी वेगळे तारे दिलेले असतात. प्रौढांच्या ताऱ्यांखालची ती ओळ वाचावी. सीटकव्हर, क्रोमच्या पट्ट्या आणि मोठा स्पीकर यांवर गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात जो खर्च होतो, त्यात एक चांगले बालआसन येते.