स्वस्त मिक्सर कशाला म्हणायचं?

घरच्या बांधकामासाठी मिक्सरचा विषय निघाला की दोन पक्ष हटकून समोर येतात. पहिला म्हणतो, ही थेरं हवीत कशाला? फावडं, घमेलं आणि दोन बिगारी असले की झालं. दुसरा म्हणतो, घ्यायचाच तर सगळ्यात मोठा ड्रम सगळ्यात कमी पैशांत बघा. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या पक्षाकडे निदान अनुभवाचं बळ आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ.

हातानं कालवलेल्या मालावर घरं उभी राहिली, हे खरंच. पण घट्ट माल फावड्यानं उलटापालटा करताना कंबर मोडते, आणि कंबर मोडायला लागली की बिगारी गुपचूप अर्धी बादली पाणी ओततो. माल सरसर सरकतो, मालक खूश. सिमेंटच्या मानानं पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते, हे शिकागोत डफ एब्रम्सनं 1918 साली प्रयोगांनी दाखवलं. एम-20 दर्जाच्या आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) कामात 50 किलोच्या गोणीमागं पाण्याची मर्यादा साडेसत्तावीस लिटर, आणि त्यातच वाळूची ओलही आली. एवढ्या पाण्यात खडीच्या प्रत्येक दाण्याला सिमेंट चोपडणं फावड्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक उगाच यंत्राचा आग्रह धरत नाही. त्यात निदान दोन मिनिटं माल फिरवायला सांगितलं आहे. हातानंच कालवायचं असेल तर सिमेंट 10 टक्के जास्त घालायचा रिवाज आहे. म्हणजे फुकटचं म्हणून मिरवणारं फावडं दर दहा गोण्यांमागं एक गोणी खातं.

आता दुसरा पक्ष. दुकानात ‘140 लिटर’ लिहिलेला ड्रम दिसला की गिऱ्हाईक मनात एक गोणी टाकून मोकळं होतं. पण तो आकडा बहुधा रिकाम्या ड्रमचा असतो. एक गोणी सिमेंट, दीड वाटा वाळू, तीन वाटे खडी, हा कोरडा माल जवळजवळ 190 लिटर होतो. 140 लिटरच्या ड्रमला अर्ध्या गोणीचाच घाणा पेलतो. जास्त कोंबलं तर माल तोंडातून सांडतो किंवा तळाशी कोरडाच राहतो. म्हणूनच बांधकामावरचे लोक लिटर न विचारता ‘हाफ बॅग की वन बॅग?’ असं विचारतात.

स्लॅबचं मात्र गणित वेगळं. 25 चौरस मीटरचा, पाच इंची स्लॅब म्हणजे तीन घनमीटरच्या वर काँक्रीट, सुमारे 25 गोण्या. हाफ बॅगवर पन्नास घाणे! तोवर आधी ओतलेला माल आवळायला लागतो आणि जोड राहतो. पुढं पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते. एका दिवसाच्या कामासाठी वन बॅग मिक्सर भाड्यानंच आणावा. तो विकत घेणं हा घरमालकासाठी निव्वळ हौसेचा खर्च.

मग विकत कोणी घ्यावा? ज्याचं काम तुकड्यातुकड्यानं चालतं त्यानं. आज कंपाउंडचा पाया, दिवाळीनंतर गोठ्याचा कोबा, पुढच्या उन्हाळ्यात टाकीचा ओटा. अशा कामाला दर वेळी भाडं आणि टेम्पो परवडत नाही. सिंगल फेजवर चालणारा, दोन माणसांना ढकलता येईल असा हाफ बॅग मिक्सर त्याला पुरतो. शेजारच्या दोघांनी मिळून घेतला तर उत्तमच, फक्त धुण्याची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवा. भांडणं तिथंच होतात.

नुसतं प्लास्टर करायचं असेल तर ड्रम घेऊच नका. ड्रममध्ये माल वर जाऊन खाली आपटतो तेव्हा मिसळतो. खडी नसलेला घट्ट माल पात्यांना आणि भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो. तिथं पातं लावलेलं हातातलं मशीन बरं.

घासाघीस करायची तर ती किमतीआधी गिअरवर करावी. ड्रमभोवतीचं दातेरी कडं बिडाचं आहे की प्लास्टिकचं? एक तुकडा तुटला तर तेवढाच मिळतो की अख्खं कडं घ्यावं लागतं? पिनियन आणि बेल्ट तालुक्याला मिळतात का? दोन हजार वाचवून आणलेलं मशीन एका दात्यासाठी महिनाभर पत्र्याखाली पडलं, तर बिगाऱ्यांची मजुरी कोण देणार? वायरही पाहा. लांब, बारीक वायरनं व्होल्टेज पडतं आणि मोटर घुरघुरत जळते. अर्थिंग नसेल तर ओल्या जागेत बटणाला हातच लावू नये.

दुकानदार रिकामा ड्रम फिरवून दाखवेल. त्याला अर्ध्या गोणीच्या घाण्याएवढी खडी-वाळू टाकायला सांगा, आणि ड्रम फिरत असतानाच तो कलता करून सगळा माल बाहेर येतो का ते पाहूनच पैसे मोजा.