आमच्या पोरांचा माइक बंद का?

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही भीमनगरात सायंकाळी फेरफटका मारला तर विहाराच्या कट्ट्यावर चार-पाच पोरे मोबाइलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. कानात हेडफोन, बोटे काचेवर आणि तोंडाने आरडाओरड. आपल्याच वस्तीतली चौघे एकत्र खेळत असली की त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण याच पोरांच्या संघात पुण्याचा, नागपूरचा, दिल्लीचा एखादा अनोळखी खेळाडू आला की माइक बंद होतो. पोरगा सगळ्यांचे ऐकतो, बोलत काहीच नाही. आमच्या कार्यकर्त्यांच्या हे लक्षातही आलेले नाही. पोरांचा मोबाइल म्हणजे वाया जाण्याचे साधन, त्यात बघण्यासारखे काय आहे, अशी आपली समजूत.

बघण्यासारखे पुष्कळ आहे. लिहून बोलायचे असते तेव्हा जात लपवता येते. आडनाव नको असेल तर पोरगा 'टायगर' म्हणवून घेतो, कोणी काही विचारत नाही. तोंड उघडले की मात्र लपत नाही. 'पाणी'चे 'पानी' झाले, 'आला व्हता' म्हटले, की पलीकडचा कान टवकारतो. मागे विहारातली वंदना ऐकू आली तर सांगायलाच नको. मग प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय रे?" हा प्रश्न आमच्या पिढीला शाळेत, वसतिगृहात आणि भाड्याची खोली शोधताना विचारला गेला. आता तो हेडफोनमधून विचारला जातो. नाव सांगितले की 'सरकारी जावई', 'कोट्यावाला' ही सुरुवात. पुढे जे येते ते आम्ही येथे छापणार नाही. हिंदी पट्ट्यातले खेळाडू तर अनुसूचित जातींपैकी काहींची नावे शिवी म्हणूनच वापरतात आणि ऐकून ऐकून मराठी पोरेही ते शिकली आहेत. मुलींची तऱ्हा आणखी वाईट. आवाजावरून मुलगी ओळखली की जातीच्या आधी बाई म्हणून अपमान होतो. म्हणून ज्या खेळतात त्या माइकला हातच लावत नाहीत.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो ज्यांना आवाज नव्हता त्यांच्यासाठी. आज आमच्या पोरांच्या हातात बोलायचे यंत्र आहे, आणि ते स्वतःच्याच बोटाने बंद करण्याची पाळी त्यांच्यावर येते. हा प्रश्न खेळाचा नाही.

समाजातील वडीलधाऱ्यांकडे यावर एकच तोडगा असतो, गेम काढून टाक. त्यांची काळजी खोटी नाही. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या हिंगोलीत २०१९ च्या मार्चमध्ये रेल्वे रुळाजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण गाडीखाली सापडून गेले. आम्ही या खेळांचे वकीलपत्र घेतलेले नाही. परंतु केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली आणि २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परत आला. २०२२ मध्ये पुन्हा हटवला, २०२३ मध्ये पुन्हा आला. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे हे मैदान राहणार आहे, त्यात पुढे स्पर्धा होणार, बक्षिसे मिळणार, कदाचित नोकऱ्याही. शिवी मिळते म्हणून मैदान सोडून घरी बसा, हा सल्ला आपण आपल्या पोरांना कोणत्या तोंडाने देणार?

महाडला अस्पृश्यांना प्यायला पाणी मिळत नव्हते म्हणून बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी चळवळ वाचलेली नाही. प्रश्न तहानेचा नव्हता, सार्वजनिक जागेवरील समान हक्काचा होता. सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात दावा लावला तो काय म्हणून? तळे सार्वजनिक नाही, आमचे खासगी आहे, म्हणून. दहा वर्षे तो वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अनादी काळापासूनची म्हणून सांगितलेली वहिवाट सिद्ध झाली नाही.

आज हेडफोनच्या बाबतीत नेमका हाच वाद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ३(१) मधील (आर) आणि (एस) या पोटकलमांखाली जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ हा गुन्हा होण्यासाठी ती 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' घडावी लागते. खेळातली आवाजाची खोली अशी जागा आहे की नाही? आरोपीचा वकील म्हणणार, ही तर खासगी खोली. एकाने दुसऱ्याला फोनवर दिलेली, तिसऱ्या कोणी न ऐकलेली शिवी या कलमात बसत नाही, असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलेच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या स्वर्णसिंग आणि २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणांत चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी नसताना झालेली शिवीगाळ वेगळी काढली.

पण खेळात चार भिंती कोठे आहेत? चौघांच्या संघात दोघे-तिघे असे असतात की ज्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही. ते नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत. कायद्याच्या भाषेत ज्याला 'लोक' म्हणतात ते हेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेसबुकच्या संदर्भात सांगितले की, खाते 'प्रायव्हेट' ठेवले एवढ्याने या कायद्यातून सुटका होत नाही. (त्या प्रकरणातील गुन्हा रद्द झाला तो निराळ्या कारणाने, मजकूर विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नव्हता.) केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवर टाकलेल्या मुलाखतीबाबत पीडित व्यक्ती तेथे अप्रत्यक्षपणे हजर आहे असे मानले. त्यामुळे परभणीच्या विशेष न्यायालयात हा मुद्दा मांडण्यास आपल्या वकील मंडळींनी कचरण्याचे कारण नाही. मात्र पूर्ण तयारीने मांडला पाहिजे. शाजन स्कारिया प्रकरणात २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अनुसूचित जातीच्या माणसाचा झालेला प्रत्येक अपमान या कायद्यात येत नाही, तो जातीमुळे झालेला असला पाहिजे. खेळात हरल्याच्या रागात दिलेली शिवी आणि नाव विचारून मग दिलेली शिवी यांतला फरक तक्रारीत दिसला पाहिजे. म्हणून "पूर्ण नाव काय" हा प्रश्न कोणी, कधी विचारला ते अगोदर लिहावे. एका व्यक्तीला नव्हे तर सबंध समाजाला उद्देशून विष ओकले असेल तर (यू) हे पोटकलम पाहावे; समाजाविषयी द्वेष पसरवणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि पुरावा? येथेच घोडे अडते. आवाज हवेत विरतो. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावले तर पुष्कळदा गोळ्यांचा आवाज येतो, पण समोरच्याचे बोलणे येत नाही. पोरगा घरी येऊन लावून बघतो तर नुसती ठायठाय. यासाठी आधीच तपासून ठेवावे. येत नसेल तर हेडफोन काढून स्पीकर सुरू करावा आणि शेजारच्या मित्राने दुसऱ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. तो मित्र साक्षीदारही होतो. खेळाचा दिनांक, वेळ आणि समोरच्याचा आयडी क्रमांक दिसणारा पडद्याचा फोटो घ्यावा, कारण नाव तो उद्या बदलेल, क्रमांकावरून माग काढता येतो. मूळ मोबाइल विकू नये, त्यातील फाइल कापू नये, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवर विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर प्रकरणात ठाम सांगितले. ते प्रकरण आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे, आणि आता त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते.

एवढे करून पोरगा ठाण्यात गेला तर काय होते तेही आम्ही पाहिले आहे. जिल्ह्यातील एका ठाण्यात अशी तक्रार घेऊन गेलेल्या मुलाला सांगण्यात आले, "गेम डिलीट कर, विषय संपला." कायदा असे म्हणत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे. पण परभणीत पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचे नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी येथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. गुन्हा नोंदवा, एवढ्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. ४ जुलै २०२५ ला आदेश झाला आणि त्याविरुद्धची सरकारची धाव ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयात थांबली. त्या वस्त्यांतली आई "ठाण्यात जाऊ नको" म्हणते तेव्हा तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून मुलाला एकटे पाठवू नये. वकील आणि वस्तीतील दोन जाणती माणसे सोबत जावीत. दाद लागली नाही तर १४५६६ हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आहेच.

दुसरीकडे, पोरांना बोलायची सवय लागावी म्हणून आपली स्वतःची खोलीही हवी. सार्वजनिक तळ्याचा हक्क सोडून स्वतःची विहीर खणा असे आम्ही म्हणत नाही. पण पोहायला शिकायचे ते घरच्या विहिरीत शिकले तर बिघडले कोठे? यासाठी पैसा लागत नाही. २०१५ मध्ये आलेले डिस्कॉर्ड फुकट आहे, पाच मिनिटांत खोली उघडता येते. तेरा वर्षांखालील मुलांना त्याच्या अटीच घेऊ देत नाहीत, ती पाळावी. त्यातील शब्दांची चाळणी लिहिलेली शिवी अडवते, बोललेली अडवत नाही, हे ध्यानात ठेवावे. कंपनीवर अवलंबून राहायचे नसेल तर मंबल हे २००५ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकावरही त्याचा सर्व्हर चालतो, फक्त बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता सेवा देणाऱ्याकडून मागून घ्यावा लागतो. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आतच आहे आणि ते सुरू झाले की खोलीतल्या सर्वांना कळते. डेटा फार खात नाही. सेकंदाला ४० किलोबिट धरले तर तासभर सलग बोलण्याला साधारण १८ एमबी. बटण दाबल्याशिवाय आवाज जाऊ नये अशी 'पुश टू टॉक'ची सोय सुरू ठेवली की घरातले भांडण आणि कुकरची शिट्टी गावभर होत नाही.

कोणाला बोलू द्यायचे, कोणाला बाहेर काढायचे, हा अधिकार एका दादाच्या हाती देऊ नका. तिघांकडे ठेवा, त्यात एक मुलगी असलीच पाहिजे. कारण आपल्या खोलीत आपलीच पोरे आई-बहिणीवरून काय बोलतात तेही आम्ही ऐकले आहे, आणि आपल्यातल्याच दुसऱ्या जातीच्या पोराला काय म्हणतात तेही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात दहा अभ्यासिकांना चांगले माइक येतील, हे मंडळांना सांगून आम्ही थकलो, यंदाही सांगतो.

तक्रार करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. अर्जात खेळातले नाव आणि खरे नाव दोन्ही लिहा, आरोपी पंधरा-सोळा वर्षांचा असण्याची शक्यता धरा. तसे असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, त्याला तुरुंगात पाहण्याची घाई आपल्याला नको. जातीचा दाखला जोडा. "तू तर बौद्ध, तुला ॲट्रॉसिटी कशी लागते," असे ठाण्यात अजूनही विचारले जाते, म्हणून १९९० च्या अनुसूचित जाती आदेश दुरुस्ती कायद्याची प्रत खिशात ठेवा.