वाटाडी आणि सोबत

गेल्या पौषांत एका स्नेह्यांकडे चहाला जमलों असतां एक उद्गार कानांवर पडला. तो अद्याप कानांतून जात नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्नेही तीस वर्षें सह्याद्रि पायांखालीं घालीत आलेले. गडकिल्ल्यांच्या बाबतींत त्यांचा शब्द आमच्या मंडळींत प्रमाण मानला जातो. आमच्या सौभाग्यवती त्याच सुमारास, वयाच्या ५२ व्या वर्षीं, एका तीन दिवसांच्या पदभ्रमणाला जाऊन आल्या होत्या. हें भ्रमण केवळ स्त्रियांसाठीं, आणि त्यांतही केवळ नवशिक्या स्त्रियांसाठीं योजलेलें होतें. रतनवाडीहून रतनगड, तेथून कात्राबाईच्या खिंडीनें कुमशेत, पुढें पाचनई आणि शेवटीं हरिश्चंद्रगड असा मार्ग. विंचवासारखें बिऱ्हाड पाठीवर. बरोबर दहा बायका आणि वाट दाखविणाऱ्या दोन तरुणी. ही हकीकत ऐकून स्नेही म्हणाले, "म्हणजे यंदा भिशी डोंगरावर भरली म्हणायची!"

मंडळी हंसली. मीही हंसलों, हें नमूद करणें भाग आहे. सौभाग्यवती हंसल्या नाहींत.

विनोदाला उत्तर देऊं नये असें म्हणतात. परंतु ह्या विनोदाच्या पोटांत एक सिद्धांत आहे, आणि तो आमच्या सुशिक्षित घरांतून सर्रास पसरलेला आहे. तो असा कीं, फी भरून आणि वाटाड्या पुढें घालून केलेलें भ्रमण हें भ्रमणच नव्हे. आणि त्याकरितां स्त्रियांनीं निराळें पथक काढणें हा तर शुद्ध लाड होय. "यायचें तर आमच्याबरोबर या, आम्ही कोठें नको म्हणतों?" असें औदार्यही ह्या सिद्धांताच्या जोडीला असतें. बायकांनीं डोंगरांत पाऊलच टाकूं नये असें म्हणणाऱ्यांपेक्षां मला हे उदार गृहस्थ अधिक घातक वाटतात. पहिल्या पक्षाशीं वाद घालण्याचें कारणच उरलेलें नाहीं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या बायका ज्या मुलुखांत दर साल दिसतात, पंडिता रमाबाई ज्या देशांत लहानपणापासून आईबापांबरोबर पायीं फिरल्या, तेथें स्त्रीच्या पायांतील बळाची चर्चा करणें हा कालापव्यय आहे.

वारीचा विषय निघालाच आहे, तर भिशीचाही निकाल लावून टाकूं. नवखी वारकरीण एकटी निघत नाहीं. ती एखाद्या दिंडींत दाखल होते. मुक्काम कोठें पडावयाचा, रांगेंत कोठें चालावयाचें, चोपदारानें चोप उंचावला म्हणजे काय करावयाचें, हें तिला जुन्या बायका शिकवितात. जेवणाखाण्यासाठीं ती दिंडीकडे जे पैसे भरते त्यांस भिशीच म्हणतात. म्हणून तिची वारी खोटी झाली, असें म्हणण्याची हिंमत आमच्या स्नेह्यांनीं कधीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि पुरुषांचें काय? लंडन येथें १८५७ सालीं आल्पाइन क्लब स्थापन झाला. त्या पिढींतील इंग्रज सभ्य गृहस्थ आल्प्सचीं शिखरें चढले ते बहुशः स्थानिक वाटाड्यांच्या दोराला बांधून घेऊन चढले. १८६५ सालीं मॅटरहॉर्नचा माथा एडवर्ड व्हिंपरनें प्रथम गांठला असें आपण सहज म्हणून जातों. त्याच दोरावर मिशेल क्रो आणि टाउगवाल्डर बापलेक हे तीन वाटाडे होते, हें मुद्दाम आठवावें लागतें. त्यापूर्वीं २७ वर्षें आंरिएत दांजव्हिल ही बाई वाटाडे घेऊन माँ ब्लांवर गेली होती. पुरुषानें वाटाड्या घेतला तर तो मोहिमेचा नायक, आणि बाईनें घेतला तर ती भिशी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला, तें आमच्या स्नेह्यांनीं एकदां सांगावें.

ह्या पंथाचे लोक एक नांव मात्र आवर्जून पुढें करतात. तें म्हणजे एमा गेटवुड हिचें. अकरा मुलांची ही अमेरिकन आई १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, घरीं शिवलेली झोळी खांद्यावर टाकून ॲपालाचियन पर्वतांतील तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट एकटी चालून गेली. तिला ना वाटाड्या लागला, ना तंबू. सर्व खरें. परंतु हे लोक १९५४ सालची गोष्ट सांगत नाहींत. त्या वर्षीं तिनें हाच प्रयत्न दुसऱ्या टोंकाकडून केला होता. मेन राज्याच्या जंगलांत ती वाट चुकली, तिचा चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनीं तिला घरीं परत पाठविलें. दुसऱ्या वर्षीं पुन्हा निघण्याची तिची जिद्द अलौकिक खरीच. पण प्रत्येक बाईनें आधीं रानांत हरवून आणि चष्मा फोडून घेऊनच शिकावें, हा दंडक कोणी घातला?

आतां निराळ्या पथकाविषयीं. येथें मला स्वतःवरच फिर्याद मांडावी लागणार आहे.

सुमारें बारा वर्षें मी महाविद्यालयाच्या भ्रमणमंडळाचा प्रमुख होतों. आम्ही मुलींना बरोबर नेत असूं, आणि त्या काळीं तें सर्वत्र होत नसल्यामुळें मला त्याचा अभिमानही वाटे. तंबू, स्टोव्ह, दोर आणि मोठीं पातेलीं मुलांच्या सॅकमध्यें जात. मुलींकडे पोहे, कांदे आणि प्रथमोपचाराची पेटी. नकाशा माझ्या हातांत, नाहींतर एखाद्या हुषार मुलाच्या. वाटेला फांटा फुटला कीं दोनतीन मुलगे दोन्हीं अंगांनीं धांवत जाऊन पाहून येत. मुली तोंवर झाडाखालीं बसत. बसा असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. तुम्ही पुढें होऊन पाहा, असेंही कोणी सांगितलें नव्हतें. त्यांतील एक विद्यार्थिनी तीन वर्षांत एकही भ्रमण चुकली नाहीं. परवां एका लग्नांत ती भेटली. आतां चाळिशीला आली आहे. जुन्या आठवणी निघाल्या तेव्हां ती अगदीं सहज म्हणाली, "सर, वीस-बावीस किल्ले पाहिले मी. पण आज त्यांतल्या एकाही किल्ल्यावर मुलीला घेऊन जाऊं शकणार नाहीं. वाट तुम्हां लोकांना ठाऊक होती."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला कांहीं उत्तर सुचलें असतें.

आम्ही त्या मुलींना जें दिलें त्याला मराठींत चांगला शब्द आहे: सोबत. शाळेच्या वाटेवर सोबत, गाडींत सोबत, इस्पितळांत सोबत. सोबतीनें बाई घरीं सुखरूप पोंचते. वाट मात्र सोबत करणाऱ्याच्या खिशांत राहते आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा सोबत लागते. वाटाड्याचा धर्म निराळा आहे, निदान नवशिक्यांच्या वाटाड्याचा तरी. आपलें ज्ञान दुसऱ्याच्या पायांत उतरवून त्यानें आपली गरज संपवावयाची असते. ही गोष्ट मिरियम ओब्रायन ह्या अमेरिकन स्त्रीनें फार पूर्वीं ओळखली. उत्तम वाटाड्यांबरोबर आल्प्स चढून झाल्यावर तिच्या ध्यानांत आलें कीं, दोरावर पुरुष असला म्हणजे अखेरचा निर्णय बाईच्या हातीं राहतच नाहीं. म्हणून १९२९ च्या ऑगस्टांत तिनें व आलिस दामेम हिनें ग्रेपाँचा सुळका कोणाही पुरुषाशिवाय सर केला. तेव्हां एका फ्रेंच गिर्यारोहकानें शोक केला कीं, आतां स्वाभिमानी पुरुषाला ग्रेपाँ उरला नाहीं. तो सुळका अद्याप जागेवर आहे आणि पुरुष त्यावर चढत असतात, एवढें त्या शोकाकुल पंथाच्या समाधानासाठीं सांगतों.

आमच्या सौभाग्यवतींच्या भ्रमणांत काय घडलें तें आतां ऐकावें. पहिल्या दिवशीं रतनवाडीस, अमृतेश्वराच्या देवळापाशीं, त्या दोन तरुणींनीं सर्वांच्या सॅका रिकाम्या करावयास लावल्या. भार देहाच्या वजनाच्या एक पंचमांशापलीकडे जाऊं नये, जड वस्तु पाठीलगत असाव्यात, आणि ओझें खांद्यांवर न टांगतां कमरेच्या पट्ट्यानें नितंबांच्या हाडांवर पेलावें, हें प्रत्येकीला करून दाखविलें. पुरुषांच्या मापाची सॅक आंखूड पाठीच्या बाईला दिली तर तो पट्टा भलत्या ठिकाणीं येतो आणि सगळा भार खांदे ओढतात, हें मला बारा वर्षें मुलींच्या पाठीमागून चालून कळलें नव्हतें. मुली दमतात एवढेंच कळलें होतें. ह्या पानांत ज्याचा उच्चार सहसा होत नाहीं असाही एक पाठ झाला. रानांत विधीला कोठें बसावें, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर तरी दूर कसें जावें, वीतभर खळगा कसा करावा, आणि मासिक अडचण आली तर वापरलेले कपडे अथवा पॅड तेथेंच न पुरतां बंद पिशवींतून परत कसे आणावे, हें त्यांना मोकळेपणीं शिकविलें गेलें. आमच्या मिश्र पथकांत मुली लाजेपायीं दिवसभर पाणीच पीत नसत, आणि चक्कर आली कीं आम्ही त्यांना ग्लुकोज पाजून नाजूक ठरवीत असूं. निराळें पथक कशाला, असें विचारणाऱ्यांना एवढें एकच कारण पुरे व्हावें.

दुसऱ्या दिवशींचा प्रसंग ह्याहून महत्त्वाचा. कात्राबाईच्या खिंडीकडे जातांना वाटाड्या तरुणी मुद्दाम सर्वांच्या मागें राहिल्या आणि नकाशा बायकांच्या हातीं दिला. रानांत दोन पाउलवाटा लागल्या. बायकांनीं रुंद दिसली ती धरली. ती ढोरवाट निघाली. सुमारें अर्धा तास त्या भलतीकडे चालत होत्या. मागच्या दोघींनीं चकार शब्द काढला नाहीं. अखेर सौभाग्यवतींना शंका आली कीं, खिंड डाव्या हाताला हवी ती पाठीशीं कशी? मग थांबून, वाद घालून, नकाशा फिरवून सगळ्याजणी आल्या पावलीं परतल्या आणि फांट्यावर त्यांना दगडांची रचलेली खूण सांपडली. ती खूण आधींही तेथेंच होती. हा वृत्तांत ऐकून आमचे स्नेही म्हणाले, "म्हणजे पैसे देऊन वाट चुकलां!" होय, महाराज. पैसे त्याचेच दिले होते. माझ्या विद्यार्थिनींनीं तीन वर्षांत एकदांही वाट चुकवली नाहीं, आणि म्हणूनच त्यांना एकही वाट सांपडली नाहीं.

ह्याचा अर्थ स्त्रियांच्या नांवानें निघणाऱ्या सर्वच सहलींची मी भलावण करतों, असा कोणी घेऊं नये. ह्या धंद्यांत सोबतच वाटाड्याचा वेष घेऊन मोठ्या प्रमाणांत शिरली आहे. सॅका जीपनें पुढें जातात. तंबू आधींच ठोकलेले असतात. एक तरणाबांड पुरुष शिट्टी वाजवीत पुढें चालतो. कोकणकड्यावर हात पसरून छायाचित्र निघतें, आणि उतरल्यावर धैर्याचें प्रशस्तिपत्रक मिळतें. जाहिरातींत हिरकणी हटकून असते. हिरकणी बिचारी तान्ह्या लेकराच्या ओढीनें उतरली असें कथा सांगते. तिनें प्रशस्तिपत्रकाची आशा केली नव्हती. अशा सहलीला जाऊन आलेली बाई गेली तशीच परत येते. पुढच्या हंगामांत ती पुन्हा नवशिकी म्हणून नांव नोंदविते, आणि धंदा चालतो. आमच्या स्नेह्यांचा टोला ह्यांच्यावर बसता तर मीं टाळ्या पिटल्या असत्या.

आणि येथें प्राणाचाही प्रश्न आहे. मार्च २०१८ मध्यें तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत, कुरंगणीच्या डोंगरांत पदभ्रमण करणाऱ्या तुकड्या वणव्यांत सांपडल्या. वीसांहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच होत्या. मृतांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. मात्र तेव्हांपासून मुलींना घरीं बसविण्यासाठीं ह्या दुर्घटनेचा दाखला मीं अनेक दिवाणखान्यांत ऐकला आहे. फाल्गुनांत आपल्या डोंगरांवरही गवत काडीसारखें वाळलेलें असतें. अशा वेळीं वारा कोणीकडून आहे, उतरण्याची दुसरी वाट कोठें आहे, असे प्रश्न नेणाऱ्याला आधींच विचारण्याचें ज्ञान बाईपाशीं असावें कीं नसावें? घरीं बसवून तें येणार नाहीं आणि सोबतीनेंही येणार नाहीं.

एक गोष्ट त्या तरुणींच्याही हिशेबीं राहिली आहे, ती सांगितली पाहिजे. कुमशेत-पाचनईच्या महादेव कोळी बायका लांकडाच्या मोळ्या आणि पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन त्याच चढणी रोज चढतात. आमच्या मंडळींना त्यांनीं भाकरी-पिठलें करून घातलें, आणि त्याचे पैसे त्यांना मिळाले. पण गांवांतून वाट दाखवावयास कोणी घ्यावयाचें झालें तर बोलावणें पुरुषाला जातें. नेपाळांत पोखरा येथें तीन छेत्री भगिनींनीं १९९४ सालीं भ्रमणसंस्था काढून खेड्यांतल्या बायकांना वाटाड्यांचें शिक्षण देण्याचें काम पत्करलें. पुरुष वाटाड्यांकडून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारी त्यांच्या अतिथिगृहांत उतरणाऱ्या परदेशी स्त्रिया करीत, ह्यांतून त्यांना हें सुचलें. तें पोखऱ्यास झालें तें अकोले तालुक्यांत कां होऊं नये? शहरच्या बाईला रान शिकविण्याचा मान आणि मोबदला त्या रानांतल्या बाईला मिळेपर्यंत ह्या उपक्रमाचें निम्मेंच काम झालें, असें मी समजतों.

सौभाग्यवती येत्या माघांत पुन्हा निघाल्या आहेत. ह्या खेपेस वाटाडी नाहीं आणि फीही नाहीं. बरोबर माझी धाकटी बहीण, शेजारच्या दोघी, आणि लग्नांत भेटलेली ती माझी विद्यार्थिनी तिच्या मुलीसह. नकाशा गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला असून ताटें ठेवावयास जागा नाहीं. मीं येऊं का म्हणून विचारलें तेव्हां, "तुम्ही आलांत तर वाट सांगाल," असें उत्तर मिळालें. काल आमच्या स्नेह्यांच्या पत्नींचा दूरध्वनि आला होता. आंखूड पाठीला बसणारी सॅक कोठें मिळते, अशी विचारणा होती. स्नेह्यांना ही वार्ता अद्याप कळलेली नसावी. ते ह्या मासिकाचे वर्गणीदार आहेत.