कोरडं बंदर, कोरडा हक्क

जालन्याला समुद्र नाही, पण समुद्रापारच्या व्यापाराशी नातं जुनं आहे. इटलीतल्या पॉम्पेईत 1938 साली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच आपल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली. मूर्तीचं कौतुक होतं. माल घडवणाऱ्या बाया कोण, हे कुणी विचारत नाही.

2015 साली जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. म्हणजे कोरडं बंदर! कापूस, बियाणं थेट जहाजाकडे जाणार म्हणे. उन्हात सीड प्लॉटवर कपाशीचं क्रॉसिंग करते बाई. करार बहुधा नवऱ्याच्या नावे, कारण सातबारा त्याचा. वडिलोपार्जित जमिनीत लेकींना 1994 साली राज्याने, 2005 साली केंद्राने वाटा दिला. आणि आपण भाऊबीजेच्या साडीवर हक्कसोड लिहून देतो! या दिवाळीला साडी घ्या, सही करू नका.