पटावरचा पाहुणा

प्रत्येक माणसाला काही ना काही छंद असतो. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. कोणी किल्ले पाहत हिंडतो, तर कोणी गाण्यांच्या मैफली. माझा छंद या सर्वांहून अधिक धुळीचा आहे. रब्बीची पिके शेतात उभी राहिली आणि थंडी पडू लागली की माझे कान शर्यतींच्या वार्तांकडे लागतात. शनिवारी शाळा सुटली की पिशवीत दशम्या आणि एक चादर टाकून मी नेपानगरच्या स्थानकावर येतो, गाडीने भुसावळ गाठतो, आणि तेथून ज्या गावी बैलांचा पट भरला असेल तिकडे वळतो. सोमवारी सकाळी वर्गात येतो तेव्हा कित्येकदा माझ्या चपलांवर परक्या गावची माती असते.

माझे स्नेही यावरून माझी थट्टा करतात. घरबसल्या दूरचित्रवाणीवर जगातील मोठमोठ्या मोटारशर्यती दिसत असता, हा मास्तर चारशे मैलांची पायपीट करून बैल काय पाहतो, असे त्यांना वाटते. त्यांच्या थट्टेचे उत्तर देणे कठीण नाही. परंतु गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाने मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मात्र मला चटकन देता आले नाही. हा लेख त्या मुलाला दिलेले, थोडे उशिरा आलेले उत्तर आहे.

आधी थट्टेचे उत्तर देतो. बैलांची शर्यत म्हणजे एकच एक प्रकार, असे ज्यांना वाटते त्यांनी ती पाहिलेलीच नाही. विदर्भातील शंकरपट निराळा. तेथे सरळ धावपट्टीवर हलक्या गाडीला जुंपलेली जोडी धावते, गाडीवर धुरकरी असतो, आणि घड्याळाच्या सेकंदांवर व सेकंदांच्या अंशांवर जय-पराजय ठरतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट यांत विशेष नावाजलेला. धामणगाव रेल्वे स्थानकावर उतरून तेथे जावे लागते. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूला मैदानाला 'घाट' म्हणतात. तेथे बैलगाडा चढावर धावतो आणि पुढे घोडी पळत असते. सातारा-सांगलीकडे एकाच वेळी अनेक गाड्या आपापल्या चाकोरीतून सुटतात, आणि बैलांचे गट त्यांच्या दातांवरून पडतात: आदत, दुसा, चौसा. अलिबागच्या बाजूला ओहोटी लागून वाळू घट्ट झाली की समुद्रकिनाराच धावपट्टी होतो. सरळ, चढाची, मातीची, वाळूची, अशी ही मैदाने. जितकी गावे तितक्या तऱ्हा. एक पाहिले म्हणून दुसरे पाहिल्यासारखे होत नाही, आणि हेच हिंडण्याचे कारण.

हा छंद केवळ आपल्याकडचा आहे असेही नव्हे. अमेरिकेत ज्यांना 'आखूड धावपट्टी' म्हणतात, अशा एक मैलाहून कमी लांबीच्या वर्तुळाकार मोटार-मैदानांचे वेड लागलेली माणसे आहेत. ती गावोगाव हिंडून मैदाने पाहतात आणि आजवर किती पाहिली याची वहीत नोंद ठेवतात. मौजेची गोष्ट अशी की, तेथील मोटारींच्या जुन्या धावपट्ट्यांपैकी कित्येक मूळच्या शेतकी जत्रांमधील घोड्यांच्या धावपट्ट्या होत. मिलवॉकी येथील जत्रेच्या अशाच पट्टीवर १९०३ साली मोटारी धावल्या. व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सव्हिलची पट्टी १९४७ साली सुरू झाली, ती जेमतेम अर्ध्या मैलाची. आरंभी तीही मातीचीच होती, १९५५ साली तिच्यावर डांबर पडले. आपल्याकडेही मोटारींची मैदाने आहेत. कोइमतूरजवळ आहे, चेन्नईजवळ आहे. दिल्लीजवळच्या भव्य मैदानावर २०११ ते २०१३ या तीन वर्षी जगातील सर्वांत वेगवान मोटारीही धावून गेल्या. पण ती मैदाने शहरांची. खेड्याने स्वतःच्या हाताने आखलेले, गावच्या पंचांनी चालविलेले मैदान पाहायचे असेल, तर आपल्या मुलखात ते बैलांचेच आहे.

लहान मैदानाचा मोठा गुण असा की, तेथे प्रेक्षक आणि शर्यत यांमध्ये अंतर नसते. दूरचित्रवाणी आपल्याला जिंकणारा दाखविते; मैदान हरणाराही दाखविते. शर्यत संपल्यावर बैलाच्या पाठीवरून हात फिरविणारा, त्याला पाणी पाजताना त्याच्याशी हलक्या आवाजात बोलणारा मालक मी तेथेच पाहिला. खिलार बैलाची ताठ शिंगे, आपल्या निमाडी जातीच्या बैलाचा तांबडा रंग आणि त्यावरील पांढरे ठिपके, विदर्भातील गवळाऊचा सडसडीत बांधा, यांतील भेद मी पुस्तकातून शिकलो नाही. बाभळीच्या सावलीत बसून, अनोळखी शेतकऱ्यांच्या शिदोरीतील ठेचा खात शिकलो. परक्या गावात पाहुणा म्हणून जावे आणि तेथून थोडा शहाणा होऊन यावे, याहून अधिक प्रवासाने काय द्यावे?

आता त्या मुलाचा प्रश्न. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी बैलाच्या उपकारांविषयी बोलत होतो. खांदेमळणी, झूल, पुरणपोळीचा घास, हे सारे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरचा, शेतकरी घरातला एक मुलगा उठला आणि शांतपणे म्हणाला, "सर, पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो. मग पटावर त्याला मारतात तेव्हा तुम्ही काय करता?"

वर्ग हसला नाही. मीही हसू शकलो नाही. कारण त्या क्षणी मला एक गोष्ट आठवली, जी मी कोणास सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका गावच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीला, मागे पडू लागलेल्या जोडीतील एका बैलाची शेपटी धुरकऱ्याने पिरगळली आणि पराणीची आर त्याच्या पुठ्ठ्यात टोचली. बैल विजेसारखा उसळला. जोडी पुढे गेली. मैदान टाळ्यांनी दणाणले. आणि त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या. पुढे गर्दी ओसरल्यावर तो बैल मला झाडाला बांधलेला दिसला. त्याच्या पांढऱ्या अंगावरून रक्ताची एक बारीक धार खाली आली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिले, असे मी म्हणणार नाही. तो जमिनीकडे पाहत होता. परंतु परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही.

मोटारीची आणि बैलाची शर्यत यांत हाच मूलभूत भेद आहे. मोटार चालविणारा आपल्या इच्छेने बसतो, आणि मोटारीला वेदना नाही. आपले नेपानगर तर यंत्रावर वसलेले गाव. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेल्या येथील कागद-कारखान्याच्या भोंग्यावर पिढ्यांनी आपली घड्याळे लावली. २०१६ साली नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले आणि २०२२ साली ते पुन्हा सुरू झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. थकलेले यंत्र थांबवावे लागते, उघडावे लागते, त्याची दुरुस्ती करावी लागते, हे या गावातील प्रत्येक घर जाणते. मग ज्याला हाड, मांस आणि भीती आहे, त्याच्या थकव्याची चाड आपण यंत्राइतकीही ठेवू नये काय?

हाच प्रश्न देशाच्या न्यायालयांपुढेही गेला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींना मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मज्जाव केला. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. महाराष्ट्रात आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची अनुमती लागते, पशुवैद्याची तपासणी लागते; चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना बंदी आहे, आणि नियम मोडणाऱ्यास कारावासाची व जबर दंडाची शिक्षा सांगितली आहे.

नियम उत्तम आहेत. परंतु मी जी मैदाने पाहिली, त्यांवरून एक गोष्ट निश्चयाने सांगतो: कायदा कागदावर राज्याचा असतो, मैदानावर तो प्रेक्षकांचा असतो. एका ठिकाणी मी पाहिले की, आर टोचल्याबद्दल पंचांनी एक जोडी बाद केली, तेव्हा गर्दीने पंचांचीच हुर्यो उडविली. पुढच्या फेरीला पंचांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या एका गावी नेमके याच्या उलट घडले. धुरकऱ्याने हात उगारताच दोन्ही बाजूंच्या लोकांनी असा काही ओरडा केला की तो हात तसाच खाली आला. त्या दिवशी तेथे एकाही बैलाला टोचलेले मला दिसले नाही, आणि शर्यतीही काही कमी रंगल्या नाहीत. मी शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याजवळ याचे आश्चर्य व्यक्त केले. तो म्हणाला, "बैलाले तोंड हाय मास्तर, पन बोली नाही. बोलाचं काम पाह्यनाऱ्याचं."

त्या एका वाक्यात मला माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर सापडले. मी आजवर स्वतःला पटावरचा पाहुणा समजत होतो. पाहुण्याने यावे, पाहावे, निघून जावे. घरातील भांडणांत पडू नये. हा माझा समज चुकीचा होता. ज्याच्या टाळीसाठी शर्यत धावते तो पाहुणा नसतो, तो भागीदार असतो. किंबहुना गावोगाव हिंडणाऱ्यावर जबाबदारी अधिक. कारण एका गावचा मनुष्य म्हणतो, "असेच चालायचे," आणि हिंडणाऱ्याने मात्र दुसऱ्या गावी तसे न चालताना पाहिलेले असते.

काही सज्जन म्हणतील, एवढा खटाटोप कशासाठी? शर्यतीच समूळ बंद कराव्यात. माझा जन्म कोंकणी बोलणाऱ्या घरातला. आमच्याकडची वडील माणसे गोव्यातील धिरयोच्या, म्हणजे बैलांच्या झुंजीच्या, गोष्टी रंगवून सांगत. १९९६ साली न्यायालयाने धिरयोला मनाई केली, आणि ती योग्यच होती असे मी मानतो. कारण दोन जनावरांनी एकमेकांना जखमी करणे हाच झुंजीचा प्राण आहे. तेथून जखम काढून टाकली, तर खेळच उरत नाही. धावण्याचे तसे नाही. टोचणी काढून टाकली तरी धाव उरते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ट्रॅक्टरच्या या काळात ज्या थोड्या घरी अजून उत्तम बैल कौतुकाने पोसला जातो, त्यांतील अनेक घरी तो पटाच्या हौसेपायीच टिकला आहे, हेही विसरता येत नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, ही आमची परंपरा, तिला कोणी बोट लावू नये. त्यांना मी इतकेच विचारीन, की पोळा ही परंपरा नव्हे काय? वर्षातून एक दिवस ज्याच्या पायांवर पाणी घालतो, त्याच्या पुठ्ठ्यात आर खुपसणारा मनुष्य कोणत्या परंपरेचा वारस म्हणावा? मात्र ज्या गावी टोचल्यावाचून शर्यत होतच नसेल, त्या गावची शर्यत बंद पडली तर मी एक अश्रूही ढाळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांची आजोळे सीमेपलीकडे रावेर, मुक्ताईनगर, अकोला, अमरावती या बाजूंना आहेत. सुट्टीत तेथे जाल तेव्हा वडील मंडळींबरोबर पट अवश्य पाहा. लहान मैदानावर जी माणसे आणि जी जनावरे भेटतात, ती कोणत्याही पडद्यावर भेटणार नाहीत. परंतु धावपट्टीकडे पाहण्यापूर्वी जेथे बैल बांधलेले असतात तेथे एक फेरी मारा. त्यांना सावली आहे का, पाणी आहे का, अंगावर ताजा घाव आहे का, हे पाहा. शर्यतीत कोणी हात उगारला तर टाळी वाजवू नका. आणि धीर होईल तर ओरडा. एकट्याचा आवाज गर्दीत बुडेल, हे मला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात माझाही बुडाला. पण माझ्या डाव्या हाताला उभा असलेला एक अनोळखी मनुष्य दुसऱ्या खेपेस माझ्याबरोबर ओरडला.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आता मी सांगू शकतो: पटावर बैलाला मारतात तेव्हा मी पूर्वी टाळ्या वाजवीत होतो. आता वाजवीत नाही. या वर्षी त्याच्या वडिलांची परवानगी मिळाली, तर त्यालाही बरोबर नेण्याचा माझा विचार आहे. माझ्या उत्तराची परीक्षा त्यानेच घेतलेली बरी.