विनोद, सत्ता आणि बीबीसीचा तोल

मार्च २०२१ मध्ये बीबीसीने ‘द मॅश रिपोर्ट’ हा राजकीय उपहासाचा कार्यक्रम बंद केला आणि ब्रिटनमधील एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटले. भारतीय वंशाचे विनोदकार निश कुमार यांचे सूत्रसंचालन असलेल्या या कार्यक्रमाचे नेहमीचे लक्ष्य होते ब्रेक्झिट आणि हुजूर पक्षाचे सरकार. नव्या विनोदी कार्यक्रमांसाठी जागा करावयाची आहे, असे कारण संस्थेने दिले. तथापि सहाच महिन्यांपूर्वी महासंचालकपदाची सूत्रे हाती घेतलेल्या टिम डेव्ही यांनी निःपक्षपातीपणाला अग्रक्रम दिला होता. बीबीसीचा विनोद डावीकडे झुकलेला असल्याचे त्यांचे मत असल्याची वृत्तेही त्याच सुमारास झळकली होती. साहजिकच अनेकांनी दोन गोष्टींची सांगड घातली.

हुजूर पक्षीयांची तक्रार अगदीच निराधार नाही. बीबीसी प्रामुख्याने परवाना शुल्कावर चालते. २०२० मध्ये ते वर्षाला १५७.५० पौंड होते आणि ते चुकविणे हा फौजदारी गुन्हा आहे. २०१६ च्या सार्वमतात ब्रेक्झिटच्या बाजूने सुमारे ५२ टक्के मते पडली. हे मतदारही ते शुल्क भरतात. आपल्याच पैशाने आपली टर उडविली जाते, ही त्यांची भावना दुखऱ्या जागेतून आलेली आहे. विनोदी लेखक बव्हंशी एकाच सुशिक्षित, महानगरी वर्तुळातून येतात, हा आक्षेपही सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

परंतु बातमीचा तराजू उपहासाला लावता येतो काय? बातमीत दोन्ही बाजूंना न्याय्य स्थान देणे शक्य असते. विनोदात तसा हिशेब ठेवू गेल्यास विनोदच उरत नाही. शिवाय निर्णय सरकार घेते, म्हणून बाणही मुख्यतः त्याच्याच दिशेने सुटतात. २०१० ते २०२४ या काळात पंतप्रधानपद सलग हुजूर पक्षाकडे होते, हे विसरून चालणार नाही. विरोधकांची गय केली जाते, असेही नव्हे. १९८४ मध्ये आयटीव्हीवर सुरू झालेल्या ‘स्पिटिंग इमेज’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमाने लिबरल नेते डेव्हिड स्टील यांना सहकारी नेते डेव्हिड ओवेन यांच्या खिशातील चिमुकला माणूस करून टाकले. आपल्या प्रतिमेची त्यामुळे हानी झाली, असे खुद्द स्टील यांचे म्हणणे होते.

पक्षपाताविना उपहासाचा नमुना म्हणून ‘येस मिनिस्टर’चे नाव हमखास घेतले जाते. २००१ मध्ये फारूक शेख यांच्या ‘जी मंत्रीजी’मधून या मालिकेचा हिंदी अवतार दिल्लीच्या अधिकारीवर्गासही परिचित झाला. मंत्री जिम हॅकर यांचा पक्ष मूळ मालिकेत कधीच सांगितला गेला नाही. पहिला भागसुद्धा १९७९ ची निवडणूक आटोपल्यावर, १९८० मध्ये दाखविण्यात आला. मार्गारेट थॅचर यांना मालिका इतकी प्रिय होती की, १९८४ मध्ये त्यांनी मुख्य कलाकारांसमवेत एक छोटे प्रहसनही सादर केले. मात्र या पसंतीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. नोकरशाही हे थॅचर यांचेही लक्ष्य होतेच. दोन लेखकांपैकी अँटनी जे हे उजव्या विचारांचे होते. पुढे २००७ मध्ये त्यांनी बीबीसीच्या उदारमतवादी कलावर पुस्तिकाही लिहिली. म्हणजे निःपक्ष भासणाऱ्या विनोदालाही राजकारण असतेच. केवळ त्यावर पक्षाचे नाव नसते.

खरा प्रश्न आहे तो निर्णय कसा होतो हा. १९६३ अखेर ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा गाजलेला कार्यक्रम बीबीसीने थांबविला, तेव्हा पुढील वर्ष निवडणुकीचे आहे, असे उघड कारण दिले गेले. ते पटो वा न पटो, त्यावर वाद घालता येत होता. ‘मॅश रिपोर्ट’च्या बाबतीत सरकारने कोणताही मनाई हुकूम काढला नाही. त्याची गरजही नव्हती. परवाना शुल्काची रक्कम सरकार ठरविते आणि बीबीसीची सनदही सरकारच्याच हाती असते. सध्याच्या सनदेची मुदत २०२७ अखेरपर्यंतची आहे. अशा संस्थेस इशारा द्यावा लागत नाही. तो आपोआप ऐकू येतो.

गंमत अशी की, हाच कार्यक्रम २०२१ मध्येच ‘लेट नाइट मॅश’ या नावाने ‘डेव्ह’ वाहिनीवर अवतरला. ती वाहिनी बीबीसीच्याच व्यापारी शाखेच्या मालकीची, पण जाहिरातींवर चालणारी. विनोद बहुतांशी तोच, फक्त पैसा परवानाधारकांचा नव्हता.

झुकलेला तोल सावरण्याचे दोन मार्ग असतात : एका पारड्यातील काढून घेणे अथवा दुसऱ्यात भर घालणे. हुजूर पक्षाचे उघड समर्थक असलेले विनोदकार जेफ नॉरकॉट हे ‘मॅश रिपोर्ट’मध्येच नियमितपणे झळकत. दुसऱ्या मार्गाची सुरुवात तेथे झालेली होती. बीबीसीने पहिला मार्ग पत्करला. त्यामुळे डाव्यांचा एक मंच गेला आणि उजव्यांचा आवाजही त्यासोबत गेला.