पोहण्याचाही हक्क हवा!

नवशिक्यांच्या ‘स्प्रिंट’ ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे सलग पार करावे लागते. सायकल आणि धावणे आमच्या पोरांना कष्टाच्या जगण्यानेच शिकविले. अडते ते पाण्यापाशी! ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक तळ्याला शिवू दिले नाही, त्यांनी पोहायला शिकायचे कुठे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. माणुसकीचा हक्क बजावण्यासाठी. पालिकेचे जलतरण तलाव जनतेच्या पैशातून उभे राहतात. मग वस्तीतल्या मुलामुलींपुढे शुल्काची भिंत कशाला? त्यांना तिथे मोफत पोहणे शिकवा, ही आमची मागणी आहे. पहिली ट्रायथलॉन पूर्ण करणारी आमची लेक केवळ पदक जिंकणार नाही. ती महाडचा लढा पुढे नेईल.